मंगळावरील नगर आणि श्वासाचा हक्क

परग्रहावर मनुष्यवस्ती उभारण्याची गोष्ट एके काळी केवळ कादंबरीकारांच्या प्रांतातील होती. आता ती अभियंते, धनिक आणि राज्यकर्ते यांच्या तोंडी आली आहे. २०१६ साली मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय अंतराळ परिषदेत ईलॉन मस्क यांनी मंगळावर दहा लक्ष लोकांचे नगर वसविण्याचा मनोदय जाहीर केला. तेव्हापासून या विषयावरील आराखडे, चित्रे व ग्रंथ यांना तोटा राहिलेला नाही. या गर्दीत एक पुस्तक मात्र असे निघाले, की ज्याने नगराचा नवा आराखडा पुढे करण्याऐवजी आराखडा करणाऱ्यांचीच उलटतपासणी घेतली. केली व झॅक वाईनरस्मिथ या अमेरिकन दांपत्याने लिहिलेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ सिटी ऑन मार्स’ या ग्रंथाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. पत्नी जीवशास्त्रज्ञ, पती व्यंगचित्रकार. दोघेही अंतराळप्रवासाचे भक्त म्हणून या कामास लागली आणि काही वर्षांच्या अभ्यासानंतर साशंक होऊन बाहेर पडली. ग्रंथास २०२४ साली ह्यूगो पारितोषिक व लंडनच्या रॉयल सोसायटीचे विज्ञानग्रंथ पारितोषिक अशी दोन्ही मिळाली. कल्पितकथांच्या रसिकांनी आणि शास्त्रज्ञांनी एकाच पुस्तकाच्या गळ्यात माळ घालावी हा योग विरळा होय.

ग्रंथाच्या पूर्वार्धात मंगळाच्या खऱ्या स्वरूपाचीही चर्चा आहे. तेथील गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे दोन-पंचमांश. हवेचा दाब आपल्याकडील दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि त्या विरळ हवेतही पंच्याण्णव टक्के कर्बद्विप्राणिल वायू. २००८ साली ‘फीनिक्स’ यानाने तेथील मातीत परक्लोरेट नामक क्षार शोधून काढले. त्यांचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का असून ते मनुष्याच्या गलग्रंथीस बाधक आहेत. वरून विश्वकिरणांचा मारा अखंड चालू. म्हणजे नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर जे काचेचे घुमट आणि त्यांखाली फुललेल्या बागा दिसतात, त्या चित्रकारांच्या कृपेने. खरा मंगळवासी आपल्या घरावर मातीचा जाड थर घालून, किंवा ज्वालामुखीच्या जुन्या भुयारात, तळघरवासी होऊन राहील. हा भ्रमनिरास लेखकद्वयाने मोठ्या आनंदाने केला आहे, आणि तो आवश्यकच होता.

एक उदाहरण आम्ही आमच्याकडून जोडतो. ‘पर्सिव्हिअरन्स’ यानावरील ‘मॉक्सी’ या यंत्राने मंगळाच्या हवेतून प्राणवायू काढून दाखविला. २०२१ ते २०२३ या काळात ते सोळा वेळा चालले आणि एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू निघाला. एका मनुष्यास दिवसाकाठी सुमारे ८४० ग्रॅम लागतो. तेव्हा दोन वर्षांची ही सारी कमाई एका माणसास साडेतीन तास पुरली असती. यंत्र फसले असे आम्ही म्हणत नाही. ते नमुन्यादाखल पाठविले होते आणि नमुना उत्तम ठरला. परंतु नमुना आणि नगर यांमधील अंतर किती, हे या दोन आकड्यांवरून कळते.

आमच्या मते ग्रंथाचा कळीचा भाग येथून पुढे सुरू होतो. वस्ती टिकाऊ व्हावयाची तर तिने आपला श्वास, आपले पाणी, आपले मलमूत्र आणि आपले अन्न यांचे चक्र स्वतःच पूर्ण केले पाहिजे. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात पाण्याचे चक्र जवळजवळ पूर्ण झाले आहे. २०२३ साली तेथे अठ्ठ्याण्णव टक्के पाणी पुन्हा पिण्याजोगे करण्यात यश आले. अन्नाचे मात्र सर्व ओझे पृथ्वीवरून जाते. रशियनांनी सायबेरियातील क्रास्नोयार्स्क येथे ‘बायोस-३’ नामक बंदिस्त निवासात १९७२-७३ साली तीन माणसे १८० दिवस ठेवून पाहिली. चिनी लोकांनी बीजिंग येथे २०१७-१८ मध्ये पाळीपाळीने विद्यार्थी ठेवून ३७० दिवसांची मजल गाठली. पण या साऱ्यांत विस्ताराने मोठा, आणि मोठेपणामुळेच बोधप्रद असा प्रयोग अमेरिकेतील ॲरिझोना संस्थानात ओरॅकल गावी झाला.

त्याचे नाव ‘बायोस्फिअर-२’. पहिले जीवावरण म्हणजे आपली पृथ्वी, आणि हे दुसरे. काच व पोलाद यांची सुमारे सव्वातीन एकरांची ही वास्तू. आत लहानसे पर्जन्यवन, गवताळ माळ, खारफुटी, एक छोटा सागर आणि अर्धा एकर शेती. २६ सप्टेंबर १९९१ रोजी चार पुरुष व चार स्त्रिया आत गेल्या आणि दरवाजा बंद झाला. वीज बाहेरून येणार होती, बाकी सर्व आतल्या आत. अन्न पुरेनासे झाले, सर्वांची वजने घटली, आणि रताळी खाऊन खाऊन काहींच्या तळहातांस नारिंगी छटा आली. परागण करणारे कीटक मेले. मुंग्या आणि झुरळे यांचे मात्र उत्तम चालले.

पण मुख्य संकट डोळ्यांस दिसणारे नव्हते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण जवळजवळ एकवीस टक्क्यांवरून हळूहळू उतरत १९९३ च्या जानेवारीपर्यंत सुमारे साडेचौदा टक्क्यांवर आले. चार हजार मीटर उंचीच्या पर्वतावर राहावे तशी त्या आठ जणांची अवस्था झाली. माणसे झोपेत श्वास अडखळून जागी होत. हा प्राणवायू गेला कोठे? शेतीसाठी मुद्दाम आणलेल्या सकस मातीतील सूक्ष्मजंतूंनी तो वापरला. त्यांनी सोडलेला कर्बद्विप्राणिल वायू तरी हवेत वाढावयास हवा होता, तोही अपेक्षेइतका वाढेना. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अखेर चोर पकडला: इमारतीचे नवे काँक्रीट तो वायू शोषून घेत होते आणि त्याचा चुनखडक बनवीत होते. माती आणि भिंत मिळून आठ माणसांचा श्वास खात होत्या. शेवटी टाक्यांतून प्राणवायू आणून आत सोडावा लागला.

या घटनेचा शास्त्रीय धडा वाईनरस्मिथ दांपत्याने चोख दिला आहे: असे प्रयोग पृथ्वीवरच, मोठ्या प्रमाणावर आणि पुष्कळ वेळा झाले पाहिजेत. त्याविषयी आमचा वाद नाही. आम्ही वकिलीच्या सवयीने त्याच घटनेकडे निराळ्या बाजूने पाहतो. आतील वैद्य लोकांची प्रकृती तपासू शकत होता, सल्ला देऊ शकत होता; पण प्राणवायूची गाडी आणणे वा न आणणे हे बाहेरच्यांच्या हाती होते. त्या आठ जणांत पुढे दोन तट पडले, चार व चार. बाहेरील व्यवस्थापनाशी कसे वागावे हेच त्या कलहाचे मूळ होते. त्यानंतर १९९४ च्या मार्चमध्ये दुसरी तुकडी आत गेली, आणि एप्रिलमध्ये भांडवलदाराने न्यायालयाचा मनाईहुकूम आणून जुन्या व्यवस्थापनास बाहेर काढले. काही दिवसांतच पहिल्या तुकडीतील दोघांनी रात्री येऊन बाहेरून दरवाजे उघडले आणि काचा फोडल्या. आतल्यांना धोका आहे असे त्यांचे म्हणणे होते. सव्वातीन एकरांच्या त्या कृत्रिम पृथ्वीवर तीन वर्षांच्या आत मालक, व्यवस्थापक, रहिवासी, मनाईहुकूम आणि दरवाजा फोडणे, इतका सारा दिवाणी व फौजदारी इतिहास घडून गेला. तरी तेथे दरवाजा होता. प्रयोग चालू असताना मळणीच्या यंत्रात बोट सापडून जखमी झालेली एक स्त्री शस्त्रक्रियेसाठी बाहेर जाऊन आली. मंगळावर बाहेर म्हणजे मृत्यू. आणि परतीचा प्रवास करावयाचा तर पृथ्वी-मंगळ अनुकूल स्थितीत येण्याची वाट पाहावी लागते. हा योग सुमारे सव्वीस महिन्यांनी एकदा येतो.

आपला सर्व करारकायदा एका गृहीतावर उभा आहे: नको असेल तो मनुष्य उठून जाऊ शकतो. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाने संमती स्वतंत्र असावी असे म्हटले; जबरदस्ती आणि अनुचित प्रभाव यांनी मिळविलेली संमती ती संमती नव्हे असे सांगितले. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजविण्याच्या स्थितीत असेल तर न्यायालय संशयाने पाहते. आता ज्या मालकाच्या यंत्रातून नोकराचा श्वास निघतो, त्याच्याशी त्या नोकराने केलेला कोणता करार या कसोटीस उतरेल? हवेचा विचार आपल्या कायद्याने केलाच नाही असे नव्हे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे निर्वेधपणे मिळत आलेला उजेड व वारा शेजाऱ्यास भिंत घालून अडविता येत नाही. पण तेथे वारा आयता येतो हे धरून चाललेले आहे. वारा करणारा कोणी असेल आणि तो त्याचे देयक पाठवील, ही कल्पना विधिकारांच्या मनास शिवलेली नाही.

लेखकद्वयाने हा प्रश्न ओळखला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कंपन्यांनी वसविलेल्या नगरांवर त्यांनी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे आणि अशा नगरांत कामगाराचे खरे संरक्षण सोडून जाण्याच्या शक्यतेत होते, हा मुद्दाही त्यात आहे. मात्र तो अर्थशास्त्राच्या अंगाने येतो आणि लवकर संपतो. कायद्याची बहुतेक पाने राष्ट्राराष्ट्रांतील वादांवर खर्ची पडतात. आमची मुख्य तक्रार हीच. या विषयात न्यायालयांचा इतिहास अतिशय बोलका आहे. शिकागोनजीक पुलमन कंपनीने आपल्या कामगारांसाठी नमुनेदार नगर बांधले. मंदी येताच मजुरी कापली, घरभाडे मात्र तेवढेच ठेवले. त्यातून १८९४ चा प्रसिद्ध संप झाला आणि १८९८ साली इलिनॉय संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की गाड्या बांधण्याची सनद घेतलेल्या कंपनीस गाव पाळण्याचा अधिकार नाही. पुढे १९४६ साली आलाबामातील चिकसॉ या कंपनीच्या मालकीच्या गावात एका स्त्रीने रस्त्यावर धर्मपत्रके वाटली म्हणून तिला शिक्षा झाली, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मालकाने आपली जागा लोकांच्या वापरास जितकी खुली केली, तितके लोकांचे मूलभूत हक्क त्या मालकीस मर्यादा घालतात, असे तत्त्व त्या निकालाने सांगितले. मंगळावरील प्रत्येक मार्ग, प्रत्येक दालन, प्रत्येक झरोका कोणाच्या ना कोणाच्या मालकीचा असणार. हे दोन निकाल अशा ग्रंथात पानोपानी आठवावयास हवे होते.

राष्ट्राराष्ट्रांतील कायद्याचा भाग मात्र वाचनीय आहे, आणि आम्ही तो दोनदा वाचला. १९६७ च्या अंतराळ कराराने चंद्र वा अन्य कोणताही ग्रह कोणत्याही राष्ट्रास सार्वभौमत्वाच्या दाव्याने, वापराने वा ताब्याने आपला म्हणता येत नाही असे ठरविले. आणि खासगी संस्थांच्या कृत्यांचीही जबाबदारी त्यांच्या राष्ट्रावर टाकली. १९७९ च्या चंद्रकराराने त्याहून पुढे जाऊन तेथील संपत्ती सर्व मानवजातीचा समाईक वारसा ठरविली. पण मोठ्या अंतराळराष्ट्रांनी त्याकडे पाठ फिरविली. भारताने १९८२ साली त्यावर सही केली, अनुसमर्थन मात्र दिले नाही. उलट काढलेले खनिज काढणाऱ्याचे, असा कायदा अमेरिकेने २०१५ साली केला, आणि खनिज काढणे म्हणजे ग्रहावर मालकी सांगणे नव्हे असे मानणारे आर्टेमिस करार २०२० साली आले. २०२३ च्या जूनमध्ये भारतही त्यांत सामील झाला. याच सुमारास मस्क यांच्या ‘स्टारलिंक’ सेवेच्या ग्राहक-करारात, मंगळ हा स्वतंत्र ग्रह असून पृथ्वीवरील कोणत्याही सरकारची तेथे सत्ता नाही, अशा आशयाचे कलम आढळले. १९६७ च्या करारापुढे त्या कलमाची किंमत शून्य आहे. परंतु ज्याने श्वासाचे यंत्र बांधावयाचे त्याच्या मनात काय आहे, हे त्यातून कळले, एवढा त्याचा उपयोग.

एडिंबरोचे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स कॉकेल यांनी अंतराळातील स्वातंत्र्य या विषयावर बरेच लिहिले आहे. जेथे प्राणवायू निर्माण करावा लागतो तेथे जुलूम सहज रुजतो, असा त्यांचा इशारा आहे. तो आम्हांस पटतो. मग उपाय कोणता? वाईनरस्मिथ यांचा सल्ला असा, की घाई करू नये. विज्ञान व कायदा परिपक्व होऊ द्यावा आणि पुढे जावयाचे तेव्हा मोठ्या संख्येने जावे. घाई न करण्याचा सल्ला आम्हांस मान्य आहे. पण नुसती वाट पाहून कायदा परिपक्व होत नाही. सामायिक वस्तूचा कायदा ती वस्तू सांभाळतानाच घडतो.

यास दाखला पाहिजे असेल तर आमच्या वाचकांपैकी ज्यांची शेते मांडवी-जुवारीच्या काठी आहेत त्यांच्या दारात तो आहे. गोव्याची खाजन शेती ही भरतीच्या पातळीखालची जमीन. मनुष्याने मातीचा व जांभ्या दगडाचा बांध घालून ती खाऱ्या पाण्यातून सोडवून घेतली, आणि मानशीला असे दरवाजे बसविले की भरतीच्या लोटाने ते आपोआप मिटावे आणि ओहोटीस आपोआप उघडावे. बाहेर समुद्र, आत कोरगुट भाताचे शेत, मध्ये बांध. कृत्रिम निवास म्हणजे तरी दुसरे काय! बांध कोणा एका शेताचा नव्हे, पण तो फुटला की खारे पाणी सर्वांच्या शेतात. म्हणून गावकरीने त्याची डागडुजी सामायिक ठेवली; आधी गावचे खर्च, मग उरेल त्यातून गावकऱ्यांचा जोन. १५२६ साली आफोन्सो मेक्सिया याने हे रिवाज लिहून काढले, तेव्हा ते जुनेच होते. कोणी विधिज्ञाने ते आधी रचून दिले आणि मग बांध घातला असे झाले नाही. बांध आणि नियम एकमेकांच्या आधाराने उंच झाले.

या व्यवस्थेचे आम्ही गोडवे गात नाही. गावकरीचा हक्क पुरुषवंशाने चालत आला. बांधावर चिखल वाहणाऱ्या कुळास आणि घरच्या लेकीसुनांना त्यात आवाज नव्हता. १९६४ च्या कूळकायद्याने शेत कसणाऱ्यास संरक्षण दिले ते योग्यच होते. पण बांधाचे ओझे ज्यांच्या खांद्यावर आले त्या कूळसंघांकडे जुन्या संस्थेचे बळ नव्हते. आणि मानशीवरील मासळीच्या पावणीचे पैसे शेताच्या उत्पन्नाहून मोठे झाले, तेथे तेथे खारे पाणी मुद्दाम आत घेण्याचा मोह वाढला. किती तरी खाजने अशी पडीक झाली. यंत्र तेच, दरवाजा तोच. त्यावरचा अधिकार आणि त्यापासूनचा लाभ यांची सांगड सुटली एवढेच.

परग्रहावरील वस्तीच्या आराखड्यात हाच विचार आम्ही शोधतो आणि तो सापडत नाही. वायुनिर्मितीचे यंत्र एक असावे की परस्परांपासून स्वतंत्र अशी चार असावीत, हा प्रश्न अभियंता सुरक्षिततेचा म्हणून सोडवितो. आमच्या दृष्टीने तो राज्यघटनेचा आहे. एकाच हाती एकच नळ असेल तर कागदावरील सर्व मूलभूत हक्क त्या नळाच्या चावीइतकेच टिकाऊ. चार वस्त्यांची चार यंत्रे असतील, एका वस्तीतून दुसरीत राहावयास जाण्याचा मार्ग खुला असेल, आणि परतीच्या प्रवासाचा खर्च मालकाने आधीच तिसऱ्याकडे अनामत ठेवलेला असेल, तर करारास थोडा तरी अर्थ येईल. कोणत्या दालनाचा दरवाजा कोणी, कोणाच्या संमतीने बंद करावयाचा, हे नकाशा काढतानाच ठरले पाहिजे. भिंत उभी राहिल्यावर ते ठरविणारा तोच असतो ज्याची भिंत असते. असे प्रयोग ॲरिझोनात किंवा अन्यत्र पुन्हा व्हावेत, पण आत जाणाऱ्यांनी बियाण्याबरोबर एक लेखी घटना नेली पाहिजे आणि ती माणसे तिच्याखाली कशी भांडतात याचीही प्राणवायूइतकीच काळजीपूर्वक नोंद झाली पाहिजे. वाईनरस्मिथ यांनी शास्त्रज्ञांना जो गृहपाठ सांगितला तो विधिज्ञांना सांगितलेला नाही.

ग्रंथाच्या शैलीविषयी दोन शब्द. लेखकद्वयास विनोदाचा सोस फार. मलमूत्र, प्रसूती, मृत्यू, कशावरही थट्टा केल्यावाचून त्यांस पुढे जाववत नाही, आणि चारशेहून अधिक पानांच्या ग्रंथात ही थट्टा पुढे पुढे थकविते. गुरुत्व कमी असलेल्या ठिकाणी गर्भ कसा वाढेल याविषयी आज जवळजवळ काहीच ज्ञान नाही, ही गोष्ट ते निर्भीडपणे सांगतात आणि लगेच विनोद करून तिचे गांभीर्य उडवून लावतात. तेथे जन्मास येणाऱ्या मुलाची संमती कोणी घेतलेली नसणार, हे त्या जागी एक वाक्य तरी थांबून लिहावयास हवे होते. मात्र याच हलक्या लेखणीमुळे १९६७ च्या करारासारखा रुक्ष विषय सामान्य वाचकाने शेवटपर्यंत वाचला, हेही खरे. आमच्या ओळखीच्या वकिलांत इतका गुण आढळत नाही.

या ग्रंथाचे मराठीत भाषांतर झाले पाहिजे. संपूर्ण जमत नसेल तर निदान बंदिस्त निवासांवरील व कायद्यावरील प्रकरणांचे. व्यंगचित्रे गाळली तरी चालतील. तळटीपा ठेवाव्यात, पुष्कळ चांगले मजकूर तेथेच आहेत.